नामा मढवीला आवतण

माझ्या छापखान्यात कंपोझिंगच्या टेबलावर पाच रिकाम्या काडेपेट्या असायच्या. माझा कंपोझिटर सिताराम फावल्या वेळात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, दोऱ्यानं बांधून, त्या पेट्यांत भरून ठेवायचा. एकीत श्री., दुसरीत सौ., तिसरीत चि., चौथीत कै. आणि पाचवीत गं. भा. लग्नपत्रिकांचे दिवस आले की एकेका पत्रिकेत ढीगभर नावं यायची, प्रत्येक नावाआधी यातलं काहीतरी लागायचं. तयार असलं की हात थांबत नाही, असं सितारामचं म्हणणं. फलटणकडचा माणूस, बोलायचा कमी, पण कामात एकदम चोख.

बाहेरच्याला वाटेल, दीड अक्षर आणि पुढे एक टिंब, त्यात काय मोठंसं ठेवलंय. मी इतकी वर्षं हा धंदा केला, पत्रिकेच्या मजकुरावरून भांडणारा माणूस मला भेटला नाही. भांडणं झाली ती सगळी या टिंबवाल्यांवरून. चि. म्हणजे अजून बोहल्यावर चढायचाय. श्री. म्हणजे बाप्या, हयात, घर चालवणारा. सौ. म्हणजे जिचा नवरा हयात आहे ती. कै. म्हणजे गेला. आणि गं. भा. म्हणजे जिचा गेला ती. गंगा भागीरथी! बाईचं कपाळ पुसायचं आणि वर तिला नदीचं नाव द्यायचं, हा मान कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे. ती पाचवी पेटी बघितली की मला चीड यायची. पण छापत होतो मीही. गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं, नाहीतर घरी बसायचं.

यातली गोम अशी की ही अक्षरं जोडीनं चालतात. वधूच्या नावाखाली आईबापाची ओळ येते, तिथे श्री. आला की शेजारी सौ. येणार. कै. आला की गं. भा. येणार. एक बदललं की दुसरं बदलावंच लागतं. सिताराम चौथी पेटी उघडली की न बघता पाचवीकडे हात न्यायचा.

छापखाना कोपरखैरण्यात होता, बोनकोडे गावाला अगदी लागून. मी नव्वद साली गिरगावातून इकडे आलो तेव्हा सेक्टर वसत होते. नव्या बिल्डिंगींतले लोक मुंजीच्या, वास्तुशांतीच्या चार ओळींच्या पत्रिका छापून घ्यायचे आणि गावातल्या लोकांचा उल्लेख ‘ते पीएपी’ असा करायचे. प्रकल्पग्रस्त म्हणायला वेळ लागतो ना! आपण ज्यांच्या भातशेतावर फ्लॅट घेऊन राहतो त्यांना तीन इंग्रजी अक्षरांत गुंडाळून टाकायचं म्हणजे झालं. माझा धंदा मात्र त्या गावांनीच चालवला. आगरी घरातलं लग्न म्हणजे पत्रिकेत सगळी भावकी, सगळं मामाकडचं कूळ, वर समस्त ग्रामस्थ मंडळ. त्या पत्रिकांमुळेच राजाबाईची आणि माझी ओळख झाली.

राजाबाई मढवी ही बोनकोड्याची धवळारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत सगळे विधी जी बाई गाण्यानं चालवते ती धवळारीण, आणि ती जी गाते ते धवळं. राजाबाई तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर असेल. अंगानं काटक, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की माझं ट्रेडल मशीन चालू असताना ती बाहेरून बोलली तरी आत ऐकू यायचं. लग्नघरची माणसं पत्रिका द्यायला आली की तिला बरोबर आणायची. तिला त्या घराची नावं धवळ्यासाठी लागायची, मला पत्रिकेसाठी. एका फेरीत दोन्ही कामं उरकायची.

एकदा मी तिला चिडवलं. म्हटलं, “राजाबाई, एवढी नावं मी कागदावर छापतो, परत तुम्ही मांडवात गाऊन सांगता. एकच काम दोघं करतोय आपण. तुमच्यामुळे माझा धंदा बसेल एक दिवस.”

“नाय भाऊ,” ती म्हणाली, “तुमी जित्यांना बोलवता, मी गेलेल्यांना. जित्यांना कागद पोचतो. मेलेल्यांना कोन पोचवील? त्यांना माजा गला.”

तिची रीतच तशी होती. प्रत्येक धवळारणीची आपापली असते. राजाबाई आधी देवांना बोलवायची, गावदेवीपासून सुरू करून. मग हळद लावायची वेळ. ती लावून झाली की शेवटी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून नावानं हाक घालायची, आणि बायकांनी ती हाक उचलून धरायची. बायकांनी उचलली तर हाक पोचली असं धरायचं. नाही उचलली तर ती तिथेच पडली. पण न उचलण्याची वेळ कधी यायची नाही.

तिचं स्वतःचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाप मिठागरात कामाला. लहानपणी मीठ वाहून वाहून टाचांना ज्या भेगा पडल्या त्या कधी बुजल्याच नाहीत. लग्न होऊन मढव्यांच्या घरी आली तेव्हा सासू भागीरथी या पट्ट्यातली मोठी धवळारीण होती. तिनं सुनेला भात लावता लावता, जात्यावर बसता बसता धवळं शिकवलं. कठोर बाई होती. ओळ चुकली की हातातलं काम थांबवून पहिल्यापासून म्हणायला लावायची. पुढे शेतं नव्या शहराच्या प्रकल्पात गेली. नवरा नामा शेतावरचा माणूस, त्याला कारखान्यात कुणी घेईना. उरणकडे त्याची आत्या दिलेली होती, तिथे करंजाच्या बंदरात एका मच्छीमार बोटीवर तो खलाशी म्हणून लागला. चौऱ्याऐंशी साली पावसाळा संपल्यावर एक वादळ आलं. बोट फुटली. दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. नामाचं लागलं नाही.

प्रेत मिळालं नाही तर बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं जुनी माणसं सांगायची. भाऊबंद म्हणाले, कशाला थांबायचं, आत्ताच करून टाकू. पण भागीरथीबाई ऐकेना. तिनं पोराचा पाट स्वयंपाकघराच्या भिंतीला उभा करून ठेवला. “मानूस आला का पाट आडवा करू,” म्हणाली. त्या पाटावर मग घरात कुणी बसलं नाही. राजाबाई तो रोज पुसून परत भिंतीला लावायची. आणि पोरगा गेल्याच्या दिवसापासून म्हातारीनं गाणं सोडलं. गळा बसला असं नाही, तिनं तोंडच उघडलं नाही. हळूहळू डोळेही गेले. लग्नांची आवतणं राजाबाईकडे यायला लागली. कुंकू लावून ती गावोगाव धवळं गात फिरली, आणि दुसऱ्यांच्या मेलेल्यांना बोलवत राहिली. तिला कुणी सवाष्ण समजो की विधवा, गाण्यापुढे कुणी काही विचारलं नाही. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही, कारण धवळारणीच्या नावाआधी पत्रिकेत काही लावत नसत, नुसतं राजाबाई म्हणत.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं, उन्नतीचं, लग्न ठरलं. मुलगा केतन, उरणचा, गोदामात नोकरीला. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, दोन्ही घरं राजी. पत्रिकेचा मजकूर घेऊन पंढरी आला. पंढरी हा नामाचा धाकटा भाऊ, उन्नतीचा काका. सरळ माणूस, भावाच्या पश्चात त्यानंच घर सांभाळलं होतं. त्यानं मजकूर दिला, त्यात आईबापाच्या ओळीत लिहिलं होतं : गं. भा. राजाबाई व कै. नामा कोंडिबा मढवी यांची कन्या.

सितारामनं जुळवून प्रूफ काढलं. दुसऱ्या दिवशी ते बघायला पंढरीबरोबर राजाबाई आली. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, “भाऊ, मोठ्यान वाचा.” मी वाचलं. त्या ओळीवर आलो आणि तिचा चेहरा असा काही झाला की पुढचं वाचायचं मला सुधरेना.

“ह्या कोनी सांगला?” तिनं दिराला विचारलं.

“वयनी, मना काय हौस हाय?” पंढरी म्हणाला. “उरनची म्हातारी बोलली. केतनची आजी. ती बोलते, मानूस गेला असंल आनि त्याचा काय केला नसंल, तं घराला सुतक हाय. सुतकातल्या घरी माज्या नातवाची हलद जायाची नाय. एक काय तो सांगा, बोलते. जिता का मेला. मेला असंल तं पुतल्याला आग द्या, दहावा करा, मंग लगीन.”

“आनि जिता असंल तं?”

पंढरी मजकुराच्या कागदाची घडी घालायला लागला.

मला म्हातारीचा राग आला. अकरा वर्षं जे कुणी विचारलं नाही ते बरोबर लग्नाच्या तोंडावर विचारायचं! पण जरा विचार केला तेव्हा तिचंही पटलं. उरणचं घर समुद्रावरचं. तिकडे माणसं अशी जातात. गेलेल्याला धड निरोप दिला नाही, आणि राहिलेल्यांनी धड वाट बघितली नाही, अशी लटकलेली घरं तिनं आयुष्यभर पाहिली असतील. तिला आपली नातसून तसल्या घरातून नको होती.

मी माझ्या परीनं मार्ग काढला. म्हटलं, “हे बघा, आपण काहीच लावू नये. नुसतं छापू, नामा कोंडिबा मढवी. श्री. नाही, कै. नाही. ज्याला जे समजायचं ते समजेल.” मला वाटलं, काय युक्ती काढली.

राजाबाई एकदम माझ्यावर उखडली. “बिनमानाचा कशाला छापता? बाप हाय तो तिचा. चोर हाय का? सगल्या भावकीला मान, आनि लेकीचे बापाला नाय?”

 सिताराम टेबलाशी उभा होता, पहिली आणि चौथी अशा दोन्ही पेट्या पुढ्यात उघडून. मशीन बंद होतं. बाहेर कुठल्याशा बिल्डिंगचं खोदकाम चालू होतं, तेवढाच आवाज.

“कै. लावला,” राजाबाई हळू म्हणाली, “तं तिचे हलदीला मी हात लावू शकत नाय. मांडवाचे मागं बसंन. सगल्या गावच्या पोरींची हलद मी लावली. माजे पोरीची दुसरी कोनतरी लावील. ता बी मी करंन. पन घरात आये हाय. तिला कोन सांगंल? पाट कोन उचलंल?”

मग तिनं सितारामकडे बघितलं. “श्री लाव. उरनला मी जातंव. मी बोलतंव तिचेशी.”

“वयनी, ती नाय बोलली तं? लगीन मोडंल,” पंढरी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. उन्नती त्याच्या मांडीवर वाढलेली पोर.

“मोडला तं माजे पायी मोडंल. तुजे नाय.”

सितारामनं चौथी पेटी बंद केली आणि ओळ परत जुळवली. श्री. नामा, सौ. राजाबाई. मी छापायला घेतलं नाही. म्हटलं, उरणहून काय निरोप येतो बघू.

पुढच्याच आठवड्यात ती आली, एकटी. स्टुलावर बसली, पाणी मागितलं. मी विचारायच्या आधीच सांगायला लागली. उरणची म्हातारी तिच्याशी वाकडं बोलली नव्हती. शेजारी बसवून घेतलं, जेवू घातलं, आणि मग म्हणाली, “तू बोलतेस ना जिता हाय? बरा. मी ‘नाय’ असा बोलनार नाय. पन जिता हाय तं जित्यासारखा आवतन दे. माजे घरात असा मानूस नको, का जो जिता बी हाय आनि त्याला लेकीचे लग्नाचा आवतन बी नाय. पत्रिका छाप, सगल्यांचे अगोदर त्याला दे. हातान दे. मंग बघू.”

“म्हणजे? कुठे देणार?” मी विचारलं.

“जिथना गेला तिथं,” राजाबाई म्हणाली.

मी त्याच दिवशी पत्रिका छापायला घेतल्या. मशीनमधून निघालेली पहिली पत्रिका सितारामनं वाळू दिली आणि स्वतः तिच्या हातात ठेवली. बाकीच्या अजून ओल्या होत्या. ती बसनं उरणला गेली आणि तिथून करंजाच्या धक्क्यावर. हे तिनंच मला नंतर सांगितलं. सकाळच्या बोटी जाऊन आलेल्या, जाळी पसरलेली, कुणी तिच्याकडे बघितलं नाही. तिनं पत्रिकेला हळदकुंकू लावलं, अक्षता ठेवल्या आणि जिता माणूस समोर उभा असल्यासारखं बोलली. हळद कधी, लग्न कधी, कुणाच्या दारी. मग पत्रिका पाण्यात सोडली. कागद थोडा वेळ तरंगला, भिजला आणि खाली गेला.

“भाऊ,” तिनं मला विचारलं, “पत्रिका पोचली का नाय पोचली, ता कसा कलनार?”

 मी आपला साध्या बोलण्यासारखं बोलून गेलो, “आले तर कळेलच की.”

तिनं मान हलवली. तिला ते खरंच पटल्यासारखं दिसलं. उरणच्या म्हातारीनं काय केलंय ते मला तेव्हा समजलं. अकरा वर्षं राजाबाई सासूसाठी कुंकू लावत होती, सासूसाठी पाट पुसत होती. स्वतः तिनं वाट बघितली की नाही, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनंही स्वतःला विचारलं नसेल. आता तिनं स्वतःच्या हातानं आवतण दिलं होतं. आता तिला वाट बघणं भाग होतं.

आणि तिनं बघितली. लग्नाच्या आधीच्या दिवसांत मी दोनदा त्यांच्या दारावरून गेलो. घर आता शेणानं सारवायचं राहिलं नव्हतं, लादीची फरशी होती, ती घासून लख्ख केलेली. मांडवाचे बांबू उभे राहत होते. कामात असली तरी रस्त्यावर कुणी वळलं की तिची मान वर व्हायची. पंढरी मला म्हणाला, “अरविंदभाऊ, मना बघवत नाय. ती दादासाटी शर्ट घेऊन आली.”

हळदीला मी आणि माझी बायको अरुणा गेलो. दिवस अजून मावळायचा होता. मांडवात बायका दाटीनं बसलेल्या, मधे पाटावर उन्नती. आईनं आपल्या लेकीचं धवळं गायचं नसतं, म्हणून दिघ्याची एक धवळारीण बोलावली होती, राजाबाईच्याच हाताखाली शिकलेली. उरणच्या बायका नवऱ्यामुलाची उष्टी हळद घेऊन आल्या होत्या, त्यांच्यात ती आजीही होती. लहानखुरी, पाठीत वाकलेली, तोंडावर हसू नाही. भागीरथीबाईला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. तिला दिसत नव्हतं, पण कान सगळीकडे. आणि तिच्या बाजूला, स्वयंपाकघरातून आणलेला तो पाट भिंतीला उभा. तिनंच हट्टानं बाहेर आणवला होता म्हणे.

देवांना बोलावून झालं. हळद लागायला लागली. राजाबाईनं सगळ्यांत आधी लावली, आई म्हणून आणि सवाष्ण म्हणून. पोरीच्या पायापासून कपाळापर्यंत, सावकाश, एक बोटसुद्धा मोकळं न ठेवता. अरुणा माझ्या कानात म्हणाली, “किती वेळ लावतेय ती!”  एकदा हात उचलला की परत कधी हळद लावायला मिळेल की नाही, ही शंका तिला तेव्हाच होती, असं मला आज वाटतं.

मग दिघ्याची धवळारीण शेवटच्या हाकांवर आली. पहिलं नाव भागीरथीबाईच्या नवऱ्याचं.

“सरगीचे वाटनं कोंडिबा मढवी,
येवा मांडवी, नातीची हलद हाय.”

बायकांनी उचललं, येवा मांडवी, येवा मांडवी. मग आजेसासरे, मग चुलते, मग लहानपणी गेलेली एक नणंद. एकेक नाव येत होतं आणि राजाबाई हळदीचे हात मांडीवर ठेवून मांडवाच्या तोंडाकडे बघत होती. तिकडून कुणी येत नव्हतं. पोरंटोरं, वाजंत्रीवाला, वाढपी, बस्स. यादीतली नावं संपली. दिघ्याची बाई थांबली, राजाबाईकडे बघितलं आणि शेवटची बंद करायची ओळ घेण्यासाठी श्वास घेतला.

त्याआधी राजाबाईनं आवाज लावला.

“खारे पान्याचे वाटनं नामा मढवी,
येवा मांडवी, लेकीची हलद हाय.”

 तिचा तो आवाज, माझ्या मशीनवरून ऐकू येणारा. कुणी उचललं नाही. कुणाची छाती होईना. उचलायचं म्हणजे तो गेला, आणि समोर बसलेल्या बाईचं कुंकू गेलं, असं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. पंढरी खांबाला धरून उभा राहिला. उन्नतीनं आईकडे वळून बघितलं, तिच्या तोंडावरची हळद ओघळायला लागली होती. मी उरणच्या म्हातारीकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

राजाबाईनं दुसऱ्यांदा तीच हाक घातली. या वेळी आवाज चिरला. कागदानं बोलावलं होतं, तेव्हा आला नाही. जिता माणूस लेकीच्या लग्नाला आल्याशिवाय राहत नाही. तो आता कागदावरच्या माणसांत नव्हता, आणि गाण्यातही बोलावलं नाही तर पोरीच्या लग्नात बापाला कुणीच बोलावलं नाही असं झालं असतं. ते तिला सहन होणार नव्हतं. बाकी तिचं काय व्हायचं ते होवो.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. घोगरा, तुटका, आधी नुसता श्वासच वाटला.

“येवा मांडवी...”

भागीरथीबाई गात होती. अकरा वर्षांत तिनं गाण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं. “येवा मांडवी,” ती परत म्हणाली, जरा मोठ्यानं, आणि सूर अगदी जागेवर लागला. मग उरणच्या म्हातारीनं तिच्या सुरात सूर मिसळला, आणि मग सगळ्या बायकांनी. अरुणाही म्हणत होती, तिला शब्द कुठले ठाऊक, पण म्हणत होती. मला पुढचं नीट दिसेना.

हाक संपली. भागीरथीबाईनं हात पुढे करून चाचपडत सुनेचा हात शोधला. हळदीनं ओला.

“आला का गो त्यो?” तिनं विचारलं.

“आला, आये,” राजाबाई म्हणाली.

“मंग त्याला बसाला दे.”

राजाबाई उठली. भिंतीला उभा असलेला पाट तिनं उचलला, पदरानं पुसला आणि मांडवात आणून आडवा केला. उन्नतीनं आपला पाट थोडा सरकवून शेजारी जागा करून दिली.